टू-जीवर पाहिलेलं बंगळूर

तुमकूर मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. खिडकीबाहेर नारळाची झाडं धुक्यात कमरेपर्यंत बुडाली होती आणि मी अर्धवट झोपेत, ही मिरजेहून निघालेली गाडी पोचूच नये, अशी इच्छा करत पडलो होतो. प्रवासात मला पोचण्यापेक्षा पोचायच्या आधीचा वेळ आवडतो. घरचे याला आळस म्हणतात.

फोन पाहिला आणि झोप उडाली. रात्री पूर्ण भरलेली बॅटरी निम्म्याच्याही खाली आली होती. डब्यातला सॉकेट बंद होता आणि ज्या मित्राकडे उतरायचं, तो संध्याकाळशिवाय घरी येणार नव्हता. एरवी फोन बंद पडला तर मला त्याचं सोयरसुतक नसतं. पण दुपारी आईचा व्हिडिओ कॉल असतो. आईला विसरण्याचा आजार आहे. मी बाहेरगावी असलो की जेवणाआधी वहिनी तिला फोनवर माझा चेहरा दाखवते. तो दिसला की आई जेवते. नाही दिसला तर मला शोधायला निघते. नुसता आवाज तिला चालत नाही. "आवाज काय, कुणाचाही असतो," म्हणते.

समोरच्या बाकावर साताऱ्याची एक मुलगी होती, बंगळुरात मारतहळ्ळीला राहून आयटीत काम करणारी. माझा चेहरा बघून तिने फोन मागितला.

"काका, फाइव्ह-जी ऑटोवर आहे तुमचं. गाडीत रेंज येते-जाते ना, मग फोन सारखा सिग्नल सर्च करत बसतो. त्यातच बॅटरी ड्रेन होते. फोर-जीवर ठेवते, दिवसभर टिकेल बघा."

यशवंतपूरला आम्ही दोघंही उतरलो, ती गर्दीत दिसेनाशी झाली आणि माझं डोकं चालायला लागलं. पाचाचे चार केले तर एवढा फायदा, मग दोन केले तर? तिथेच फलाटावर उभं राहून मी फोन टू-जीवर टाकला. जेवणाच्या सुमारास परत फोर-जी करायचं, असं मनाशी ठरवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

बसने मार्केटला आणि तिथून पायी चामराजपेटला आलो. नकाशा उघडेना, मेसेज येईनात. खिशातला फोन इतका गप्प होता की मला रस्त्यातले आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागले: भांड्यांवरचे ठोके, शिलाई मशीन, कुठेतरी कुकरची शिट्टी. एका छोट्या हॉटेलात तट्टे इडली (ताटलीएवढी चपटी इडली) खाल्ली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी हिंदीत रस्ता विचारला, तर ते मराठीतच हसले.

"मिरजेकडचे काय? हिंदीवरनंच कळलं. बाय-टू (एका कॉफीत दोघं) घेऊ या की, अण्णा. मला अख्खी सोसत नाही."

कॉफी घेताना म्हणाले, "घाई नाही न्हवं? सरी (ठीक). मग स्वल्प (थोडं) पुढं जावा. झाडं फुलल्यात बघा."

झाडं खरंच फुलली होती. पान एक नाही, नुसती गुलाबी फुलं, आणि खाली रस्ताही गुलाबी. मी एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो. वारा आला की फुलं पडत आणि पडताना आवाजसुद्धा करत नसत. बॅटरी जागची हललेली नव्हती. मी स्वतःवर खूश होतो आणि किती वेळ तसा बसून राहिलो कोण जाणे.

फोन वाजला. साधा कॉल, वहिनीचा.

"भावजी, मघापासून व्हिडिओ लावतेय, लागतच नाही! आई चपला घालून फाटकाशी उभ्या आहेत. माझं ऐकत नाहीत. ताट तसंच पडलंय."

मी ताडकन उठलो. घाईत भलतंच सेटिंग उघडलं, बंद केलं, परत उघडलं. फोर-जीची अक्षरं वर उमटेपर्यंत मी त्या झाडाखाली अक्षरशः देवाचा धावा केला. मग आई दिसली, उन्हात डोळे बारीक करून उभी.

"कुठे आहेस रे?"

"बंगळुरात."

"एवढी फुलं कुणी टाकली?"

"झाडांनी."

ती बघत राहिली. मी फोन वर, खाली, चहूकडे फिरवला. जपून ठेवलेली बॅटरी भराभर जात होती आणि मला तिची जराही पर्वा नव्हती. "पुरे आता, भूक लागली," आई म्हणाली आणि तिने चपला काढल्या.

पुढचे दिवस मित्राबरोबर छान गेले. मी फोन फोर-जीवरच ठेवला.

मिरजेला परतलो तेव्हा दुपार होती. आई बाहेरच्या खोलीत बसली होती. तिने माझ्याकडे, बॅगेकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"बसा," म्हणाली. "माझा मुलगा बंगळुरात आहे. आता दिसेल फोनवर. तिथे रस्ताभर फुलं असतात."

मी तिच्यासमोर बसलो. घरी आलो, असं आपण आपलं म्हणतो. ते घरच्यांनाही वाटावं लागतं. मला रडू आलं.  वहिनीने नुसता आपला फोन आईच्या हातात दिला.

मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

"आला बघ," आई बाहेर वहिनीला म्हणाली. "वाढ आता."