आमच्या सोप्यातली तालीम

आम्ही चार म्हातारे रोज पारावर बसतो. प्रत्येकाजवळ काही ना काही साठलेलं आहे. एकाजवळ रझाकारांच्या गोष्टी, एकाजवळ बैलबाजाराच्या. माझ्याजवळ पोरांच्या आहेत. पैलवान माणूस, आणि किस्से शेंबड्या पोरांचे! मंडळी हसतात. हसू द्या. एक सांगितला की मागून दुसरा येतो, म्हणून आता कागदावर उतरवून मोकळा होतो. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही उर्दू. मराठी घरी शिकलो. चूक दिसली तर घरच्यांना धरा.

*

निजामाचं राज्य होतं. बेंबळीत मी तालीम चालवायचो. वरून हुकूम आला, परवानगीशिवाय तालीम चालवायची नाही. अर्ज केला. उत्तर आलं नाही. तालमीला कुलूप लागलं आणि मी घरी बसलो. रिकामा पैलवान घरात किती जड होतो, ते आमच्या कारभारणीला विचारा.

तिचं नाव भागीरथी. तेव्हा खुरपणीला जाणाऱ्या बायका लेकराला तिळाएवढी अफू चाटवायच्या आणि बांधावर निजवायच्या. लेकरू दिवसभर हलायचं नाही. सगळ्याच करायच्या, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. भागीरथीला वाटलं. तिनं बायकांना सांगितलं, "माझ्या सोप्यात ठिवा. पर अफू न्हाय."

सात लेकरं आली. पहिल्याच दिवशी सातही जागी! दुपारपर्यंत घागर फुटली, पीठ सांडलं, माझ्या मिशीचे चार केस गेले.

भागीरथी म्हणाली, "तुमी लोकांची पोरं दमवत व्हता न्हवं? ही दमवा."

*

मी रांग लावली. "बैठक!" म्हणून ओरडलो, स्वतः करून दाखवली. सातही बसली. मी उठलो. ती उठेनात! एकानं बसल्या बसल्या ओलं केलं, एक तिथंच झोपलं. पुन्हा ओरडलो, तर पाच रडली.

भागीरथीनं डालगं उचललं. खालची कोंबडी सुटली, आणि पोरं तिच्या मागं! अंगण, गोठा, उकिरडा, परत अंगण.

"हिला म्हणायचं उस्ताद," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मीच कोंबडी सोडायला लागलो. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पोरांच्या पोटऱ्या भरल्या आणि कोंबडीची अंडी बंद झाली.

"तिला इसावा द्या," भागीरथी म्हणाली. "आजपास्नं तुमी पळा."

पळालो. सांगणार कुणाला?

*

सहा पोरं पळायची, सातवी बसून राहायची. ती सुंद्री. अडीच वर्षांची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. तिची आई गिरजा बेंबळीचीच, तेरला दिलेली. सासूनं दोघींना माहेरी आणून सोडलं होतं. जाताना म्हणाली, "पोरगी पांगळी हाय. पाडव्यापत्तुर चालली तर नांदायला या. न्हाय तर ल्योकाला दुसरी बायकू करती."

गिरजा खुरपणीहून आली की आधी पोरीच्या पायांकडं बघायची, मग तोंडाकडं.

मी बंद तालमीच्या भिंतीवरून आत उतरलो, तांबडी माती पाट्या भरून आणली आणि अंगणात अंथरली. पडलं तरी लागायला नको. रोज पायांना तेल चोळलं. सुंद्री भिंत धरून उभी राहायला लागली. तेवढंच. मग खाली बसून बाकीच्यांना हुकूम सोडायची. कुणी दमून टेकलं की अंगावर ओरडायची.

मी गिरजाला म्हणालो, "पोरगी लई हुशार हाय. पर गेलीया कुनावर?"

गिरजानं कपाळाला हात लावला. "सासूवर!"

*

सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला. तीन चाकं, वर धरायला दांडी. लेकरानं दांडी धरायची आणि गाडा ढकलत चालायचं.

सुंद्री खालच्या फळीवर जाऊन बसली. दोन पोरांनी दोरी बांधून ओढलं. महिनाभरात ती दोन पोरं खोंडासारखी तयार झाली. सुंद्री होती तिथंच.

सुतार रस्त्यात भेटला. म्हणाला, "पैलवान, गाडा झकास चालतूय की!"

*

कुणीतरी चुगली केली. पैलवानानं घरात चोरून तालीम काढलीय, अंगणात माती टाकलीय. ठाण्याचा जमादार आला.

"इजाजत है?"

"न्हाय."

"कित्ते पैलवान हैं?"

"सात."

"सबसे बडा कौन?"

मी दाखवला. त्याचं बोट नाकात होतं.

"उमर?"

"चौथं लागंल आता."

पण सरकारी माणूस. नावं लिहायला खाली बसला. तिसऱ्या नावाला दोन पोरं त्याच्या पाठीवर चढली, एकानं पगडी पळवली. तो पकडायला उठला आणि मातीत आडवा झाला. मग सगळीच वर! उठला तेव्हा खाकी कपडे मागून-पुढून तांबडे.

मी विचारलं, "साहेब, आता ठाण्यात इचारलं, कुटल्या तालमीतनं आलात, तर काय सांगनार?"

त्यानं कागद फाडला. दारापर्यंत गेला, परत आला, आवाज खाली करून म्हणाला, "मेरा छोटा भी दिनभर पडा रहता है. कल भेजूं?"

दुसऱ्या दिवसापासून पोरं आठ झाली.

*

पाडवा झाला. दोन दिवसांनी तेरहून बैलगाडी आली. सासू एकटीच उतरली. "ल्योकाला कामं हायती," म्हणाली.

सोप्यात बसली. पिशवीतून साखरेची गाठी काढली आणि अंगणातल्या सुंद्रीला दाखवली. "पायानं यून घे."

सुंद्री भिंतीला पाठ लावून उभी. हलेना. मी पुष्कळ कुस्त्या बघितल्या, पण एवढी शांतता एकाही फडात बघितली नाही. गिरजानं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

सासू म्हणाली, "बगा. आता मला बोल लावू नगा."

तिचं बोलणं संपायच्या आत बाकीची सात पोरं गाठीवर तुटून पडली. त्यांना काय माहीत, परीक्षा कुणाची! एकेक तुकडा तोडला आणि पसार. सासूच्या हातात दोरा आणि शेवटचा तुकडा राहिला.

सुंद्रीनं भिंत सोडली. एक पाऊल. दुसरं. मध्येच डुलली. मी पुढं झालो, तर भागीरथीनं मागून माझं धोतर धरलं. तिसरं. चौथं. पाचवं. पोरीनं आजीच्या हातातून तुकडा ओढला, तोंडात घातला आणि तशीच चालत परत भिंतीपाशी गेली.

भागीरथी रडत होती. मी पागोटं नीट केलं.

सासूनंही डोळे पुसले. "ऊठ गिरजा, बोचकं बांध. गाडी हुबी हाय."

गिरजा उठली नाही. पोरीला मांडीवर घेऊन म्हणाली, "आत्याबाई, पोरगी चालली, तुमी बगितलं. आता तुमच्या ल्योकाला चालता येतंय का, ते मला बगायचं हाय. तेरपास्नं हितवर."

"येवढ्या लांब? पायी?"

"व्हय. गाडी नगं."

सासू गाडीत बसली आणि गेली.

सहाव्या दिवशी जावई आला. तुटलेल्या वहाणा हातात होत्या.