बंदुकीच्या लाकडाला रतनजोत

तेव्हा इंग्लंडात, स्लाऊच्या घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. माझे मिस्टर होते, मी होते, मुलगा आणि सून होती. सून इथेच जन्मलेली. आणि जवळजवळ रोजच आमच्याकडे येणारा शेजारचा गोरा म्हातारा, ह्यांचा क्लबातला दोस्त. बस, एवढेच.

मिस्टरांनी तीस वर्षं ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर काढली. रिटायर झाल्यावर त्यांना जुन्या पद्धतीची रायफल बनवायचं वेड लागलं, नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू भरतात ती. लायसन्स होतं, नेमबाजीचा क्लब होता. पण छातीत धूळ बसलेली. डॉक्टर म्हणाले, ख्रिसमसपर्यंत बघू. ह्यांचं एकच म्हणणं, "एकदा माझ्या हातानं उडवीन. मग काय व्हायचं ते होऊ दे."

रायफल बनवायचं पुस्तक अमेरिकेचं होतं. त्यातली लाकडं, त्यातले रंग इथे मिळेनात. लाकूड शेवटी म्हाताऱ्यानं आणलं, कुणाच्या तरी बागेत पडलेल्या अक्रोडाचं. म्हणाला, आमच्याकडे जुने लोक जवसाच्या तेलात एक मुळी भिजवायचे, लाल रंग येतो. ती मुळी आता केमिस्टकडे मिळत नाही. त्याच्याकडे जुन्या पुडीत चिमूटभर उरली होती, ती दाखवली. मी भांडी घासत होते. हात पुसून बघितलं.

"अहो, ही तर रतनजोत. पलीकडची पंजाबीण मटणाला रंगासाठी घालते."

"कुठे मिळते?" ह्यांनी विचारलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानात. हळदीच्या शेजारी."

म्हातारा टेबलावर हात आपटून हसला. सहा महिने तो गावोगाव फोन करत होता.

तेलाची बाटली हीटरजवळ ठेवली. ती हळूहळू लाल व्हायला लागली. नळीचं काम ह्यांनी बाथरूममध्ये काढलं, कारण तिथे ओल. मी पहाटे चारला उठून वेअरहाऊसला जायचे, दुपारी येऊन स्वयंपाक. कोण काय करतंय ते विचारायला अंगात जीव नसायचा.

सून म्हणायची, "आई, मला आंघोळ करायचं आहे आणि टबमध्ये एक लोखंड झोपला आहे. किती दिवस तो राहणार?"

एक दिवस कामावरून आले तर नळी नुसती गंजलेली. तांबडी भडक. मला वाटलं, आजारपणात ह्यांचं लक्ष राहिलं नाही. खाली बसले, तारेच्या घासणीनं खसाखसा घासली आणि तव्याला लावते तसं खोबरेल चोळलं. चकचकीत झाली. बरं वाटलं मला.

हे आले, बघितलं, आणि टबच्या काठावर बसले.

"अगं, काय केलंस?"

"गंज आला होता."

"मी आणला होता तो. आठ दिवस लागले. गंज चढवायचा, हलकेच घासायचा, परत चढवायचा. त्यानंच नळीला तपकिरी रंग येतो."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हातारा तेवढा म्हणाला, "मिलिटरीत असतीस तर एवढ्या चकचकीत नळीबद्दल तुला मेडल दिलं असतं."

तेल निघेपर्यंत गंज धरेना. साबण, गरम पाणी, परत साबण. सगळं पहिल्यापासून. तीन आठवडे गेले. तेवढ्यात हे अंथरुणाला लागले. मग लाकडाला तेल मी लावलं. रोज कामावरून आल्यावर, तळहातानं, लाकूड गरम होईपर्यंत. हे पडल्या पडल्या सांगायचे, "थोडं घे. पातळ. पुसून काढ." लाकूड लाल-काळं, सुंदर झालं. माझे तळहातही.

गुरुवारी म्हाताऱ्यानं नळी आणि लाकूड जोडलं. हे मांडीवर घेऊन बसले. रविवारी क्लबला जायचं ठरलं. शनिवारी श्वास अडकला, ॲम्ब्युलन्स आली. तिथून ते परत आले नाहीत.

पुढे दोन पोलीस आले. भले होते, बूट काढून आत आले. लायसन्स ह्यांचं, म्हणून बंदूक घरात ठेवता येत नाही म्हणाले. ती बंदुकांच्या दुकानदाराकडे गेली, तिथून कुणी घेतली मला माहीत नाही. त्या तीन आठवड्यांत हे क्लबला जाऊ शकले असते. ते आठवडे माझ्या हातून गेले. मी कुणाला दोष देत नाही.

हे लिहून घ्यायला सुनेला सांगितलंय, इंग्रजीतही करणार आहे ती. ती रायफल ज्याच्याकडे असेल त्यानं कृपा करून भिंतीवर नुसती टांगू नये. मैदानावर न्यावी आणि एकदा तरी उडवावी.