पाकिटातला वरचा रुपया

आहेराच्या पाकिटात वरचा रुपया घालायला समोरच्या काकूंना चष्मा लागायचा. नाण्यावर सालाखाली टाकसाळीची खूण असते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. मुंबईची चौकट, नोएडाचं टिंब. कोलकात्याच्या नाण्यावर मात्र काहीच नसतं. पुण्याहून आलेल्या माझ्या आईच्या ओटीत त्यांनी चौकटवाला रुपया घातला. इथे दिल्लीतल्या द्वारकेत जन्मलेल्या माझ्या लेकीला बारशाला टिंबवाला दिला. "अगं, ही बिल्कुल इथलीच!" मला कुठला, ते विचारायचं मी टाळत आले.

परवा आम्ही दिल्ली सोडून पुण्याला निघालो, तेव्हा काकूंनी मूठभर नाणी चाळून एक रुपया माझ्या हातावर ठेवला. विमानात तो मी नखाने घासघासून पाहिला. सालाखाली काहीच नव्हतं.

कोलकात्याला तर मी कधी गेलेलेही नाही.