मागुराने तपासलेलं ग्रीस

आमचे शेजारी बुधरामभाऊ माणसाच्या शब्दावर कुठलीच वस्तू घेत नाहीत. घरात नवीन काही आलं की आधी ते मासोळीसमोर जातं. जाळ्याचा दोरा, डोंग्याला, म्हणजे छोट्या होडीला लावायचं डांबर, एकदा तर त्यांच्या बायकोने, सखाबाईने भिंतीसाठी आणलेला रंगसुद्धा. फार वर्षांपूर्वी एका दुकानदाराने ‘जिंदगीभर सडत नाही’ म्हणून दोरा दिला. तो पहिल्याच पावसाळ्यात सडला आणि जाळ्यातली मासोळी निघून गेली. तेव्हापासून भाऊ म्हणतात, "दुकानदार खोटं बोलते. मासोळी बोलतच नाही."

आसगावात आमची धानाची शेती, त्यांचं तलावाचं काम. मासेमारी सोसायटीसाठी दर पावसाळ्यात बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणायचं काम अकरा वर्षांपासून त्यांच्याकडे आहे. जुन्या चारचाकीची मागची सीट काढून त्यात हवा भरलेल्या पाण्याच्या पिशव्या ठेवतात. गाडी रस्त्यात थांबली की पिशव्या तापतात आणि पिल्लं पोट वर करतात. मागच्या वर्षी गाडी तासभर बंद पडली नि दोन पिशव्या गेल्या. सोसायटीचे अध्यक्ष दादाजी भर सभेत म्हणाले होते, "बुधराम, आता एक पिशवी मेली तरी काम दुसऱ्याले." भाऊ त्या दिवशी जेवले नव्हते.

श्रावणातला पहिला सोमवार. महादेवाला बेल वाहून मी अंगणात आले तर भाऊ कुडापाशी उभे.

"वहिनी, तुमचा मोठा टब द्या जी."

"कायले?"

"ग्रीस तपासाचं हाय. मागूर सोडतो त्यात."

"भाऊजी, श्रावण आहे. माझ्या अंगणात मासोळी?"

"खायाची नाही ना वहिनी. फक्त विचारायचं हाय."

मी बेलाचं तबक ठेवलं आणि टब दिला.

झालं असं होतं की गाडीचं पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याला जो जॉइंट असतो, त्यावरचं रबरी बूट फाटलं होतं. आतलं ग्रीस बाहेर उडालं आणि वळणावर चाकातून कटकट यायला लागली. नवीन बूट आणलं, पण ग्रीस कोणतं? दुकानदाराने पिवळं दिलं. ट्रॅक्टरवाल्याने काळं दिलं, स्प्रिंगच्या कमानींना लावतात ते. आणि बुटाच्या खोक्यात एक पुडी निघाली, तिच्यातही काळंच. भाऊंनी तिन्हींचे गोळे एका विटेवर चिकटवले आणि वीट मागुराच्या टबात सोडली. मागूर गावरान, हातभर लांब, चांगला मिशावाला. मी माळ ओढत बसले. टबाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सगळं बघितलं.

मागुराने पिवळ्याला मिशा लावल्या, ओढलं, थुंकलं, परत ओढलं. ट्रॅक्टरवाल्याचं काळं दुपारी आपणच सुटून वर आलं. पुडीतलं काळं मात्र संध्याकाळपर्यंत विटेवर जसंच्या तसं. मागूर त्याच्याजवळही गेला नाही.

"झालं!" भाऊ म्हणाले. "पुडीचंच."

तेवढ्यात दादाजी सोसायटीची पंधरा माणसं घेऊन आले. गाडी बुधरामची असली तरी बोटुकल्या सोसायटीच्या.

"अगा, मासोळी जे खाते तेच चांगलं," दादाजी म्हणाले. "ते जे खात नाही, त्याले तू चांगलं म्हणतेस काय?"

"खाऊन थुंकलं ना त्यानं, दादाजी."

"तूही तंबाखूचा खर्रा थुंकतेस. मग खर्रा काय खराब हाय?"

माझ्या तुळशीसमोर हात वर करून मतदान झालं. पिवळ्याला अकरा मतं, पुडीच्या काळ्याला चार. सुटून वर आलेल्याची अनामत जप्त.

मग मिथुन मेकॅनिक आला. तो आयटीआय शिकलेला. "काका, पिवळं चाकाच्या बेरिंगचं हाय. या जॉइंटात छर्रे दाबाखाली फिरतात नि घसरतात. त्याले मॉलीचं, म्हणजे मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस पाहिजे. कमानीचं काळं दिसते तसंच, पण ते वेगळं."

"तुले मासोळीतलं काय समजते?" दादाजींनी विचारलं.

"पण हे मासोळीचं नाहीच ना, काका!"

"मग पंधरा माणसं टबापाशी कायले बसले?"

मिथुनने भाऊंपुढे हात केला. मग हळूच म्हणाला, "पुडी द्या भाऊ. तेच बरोबर ग्रीस हाय. मी भरून देतो."

भाऊंनी टबाकडे बोट दाखवलं. "सारीच विटेवर लावली. परीक्षेत कंजूसी कायले?"

मिथुन खालीच बसला. पाण्यातलं ग्रीस पुसून लावता येत नाही, दुसरी पुडी पवनीहून आणावी लागेल, म्हणाला.

दादाजींनी उठता उठता सुनावलं, "मतदान पिवळ्याचं झालं. त्याच्या विरोधात गेलास नि गाडी थांबली, तर पिशव्या मोजणारही नाही. काम गेलंच समज."

भाऊंनी वीट वर काढून पुडीचा काळा गोळा बोटाने दाबून बघितला. मग मिथुनला म्हणाले, "आण पवनीहून. रस्त्यात नाल्याच्या रपट्यावर पाणी चाकापर्यंत येते. जे दिवसभर पाण्यात राहून हललं नाही, तेच माझं."

"ग्रीस बरोबर हाय भाऊ, पण कारण चुकून राहिलं!"

"मग कारण तुझं लाव. ग्रीस मागुराचं लाव."

मिथुनने जॉइंट रॉकेलने धुतला, नवं काळं ग्रीस दाबून भरलं, बूट चढवलं आणि पट्ट्या आवळल्या. गुरुवारी पहाटे गाडी निघाली. सखाबाई मागे पिशव्यांवर हात ठेवून बसली. मी समई लावली आणि ती विझू न देता दुपारपर्यंत नाम घेतलं. ग्रीससाठी देवाला साकडं घालावं की नाही, हे मला कळेना. म्हणून नुसतंच नाम घेतलं.

साडेबाराला गाडी तलावावर आली. पंधराच्या पंधरा पिशव्या वळवळत होत्या. पिल्लं पाण्यात सोडून झाल्यावर दादाजींनी गाडी मारुतीच्या पाराभोवती फिरवायला लावली आणि स्वतः चाकाकडे कान देऊन शेजारून चालले. पाच फेरे झाले. कटकट नाही. भाऊंना आयतीच प्रदक्षिणा घडली.

त्याच पारावर सभा बसली. ठराव झाला: बोटुकल्या आणायचं काम बुधरामकडेच राहील, मात्र प्रत्येक खेपेला गाडीत मागूर असला पाहिजे.

"अकरा साल मी चालवून राहिलो गाडी!" भाऊ उसळले.

"हो, तू चांगला ड्रायव्हर हायेस," दादाजी म्हणाले. "पण समजते त्याले."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सावरला. सखाबाईच म्हणाली, "मान्य करा जी. काम राहिलं ना! त्याले समोर बसवा, मी मागंच बसतो. पिल्लाजवळ ठेवलं तर खाऊन टाकन."

रविवारच्या खेपेला मागूर पुढच्या सीटवर, झाकणाच्या बादलीत बसला. मिथुनने बादलीला पट्टा लावून दिला. दादाजी निरोपाला आले आणि खिडकीतून बादलीला म्हणाले, "नीट जाजा."

आमच्या कोपऱ्यावर गाडी वळली. आवाज काहीच नव्हता. तरी भाऊंनी झाकण जरासं उचलून आत बघितलं, आणि मगच पुढे गेले.