खड्याला तोंड न्हाई

मावशी दुकानाच्या फळीवर मूठ आपटायची आणि म्हणायची, "भाऊ, खड्याला तोंड न्हाई. बोलणाराला हाय."

झरीत माझं किराणा दुकान. समोर अंगणवाडी, आणि तिथली मदतनीस म्हणजे ही मावशी. रोज सकाळी घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची. एक कडेवर, बाकीची पदराला धरून. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की माझ्याकडून तुरटी न्यायची, हंड्यात फिरवायची. गाळ तळाला बसायचा.

"निपजती कुठं ही?" एकदा तिनं विचारलं.

शाळेत शिकलेलं मी सांगितलं. खडकांत सापडते, हल्ली कारखान्यातही करतात. दिसते कोरडी, पण अंगात पाणी धरून असते. तापवली की ते पाणी उडतं आणि खडा फुगतो.

"म्हंजी दगडाच्याबी पोटात पाणी हाय! आन काही माणसांच्या डोळ्यातबी नसतंय," म्हणाली.

दिष्ट काढायची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. तुरटी लेकरावरून उतरवायची, निखाऱ्यावर टाकायची, आणि फुगलेल्या खड्यात नजर लावणारीचं तोंड शोधायचं. मागच्या गल्लीतल्या एका आजीच्या नातवाचा ताप हटेना. तिनं असा खडा गल्लीभर मिरवला. "बघा, कपाळ मोकळं हाय. तीच ती!"

मावशी विधवा. झालं! अंगणवाडी ओस पडली. वरच्या ऑफिसातल्या बाई येऊन बजावून गेल्या, लेकरंच येत नसतील तर तुम्हाला ठेवून काय करू? माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! तरी म्हटलं, "मावशी, दम धरा. लोक विसरतील."

"का म्हणून? चोरी केली का मी?"

मुठीएवढी तुरटी घेतली आणि भर दिवसा मारुतीच्या पारावर शेगडी मांडून बसली. सगळ्यांदेखत खडा स्वतःवरूनच उतरवला. विधवेची दिष्ट कोण काढतंय हो? बायका तोंडाला पदर लावून उभ्या.

"काय बघायलाव? मला नजर लागत न्हाई का?"

खडा चरचरला, फुगला. तिनं तो चिमट्यात धरून थेट आजीपुढं नेला. "बघा आत्या, नाक तुमचंच की!"

कुणीतरी फिसकन हसलं. कुणाला त्यात म्हैस दिसली, कुणाला सरपंच. मावशी मात्र हसली नाही.

"गाळ खाली बसवायचा हा खडा. त्याच्यानंच गाव गढूळ करायलाव? लेकरू तापलंय तिकडं. दवाखान्यात कोण न्यायचं? आणा, मी नेते."

आजी जागची हलली नाही. पण सून घरी गेली आणि पोरगं आणून मावशीच्या कडेवर दिलं. दोघी रिक्षात बसून परभणीला गेल्या. पोरगं बरं झालं. अंगणवाडी पुन्हा भरली, आणि मावशी त्या आजीच्या दारातही पहिल्यासारखी हाक मारायला जाऊ लागली. असलं काळीज माझ्याजवळ नाही, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. तिच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. सकाळी आता ती आजीच नातवाबरोबर गल्लीतली लेकरं आणून सोडते. मी काही तिच्याशी धड बोलत नाही.

परवा तिनं तुरटी मागितली. मी फटकन विचारलं, "कशाला?"

"अंगणवाडीच्या हंड्यात फिरवायला," म्हणाली, आणि खाली बघत उभी राहिली.