डेंग्यूनंतरचा अंबाडा

माझा अंबाडा खरा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने असं वाक्य लिहिलं की वाचणारा चष्मा पुसून पुन्हा वाचतो. संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीच्या नमनात, म्हणजे शिमग्याच्या खेळात, गवळणींची मावशी मी करतो. दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारे कृष्ण आणि पेंद्या, आणि त्या दोघांची तोंडाने सालटी काढणारी ही बाई. शेजारच्या वाडीतल्या मावशीचा टोप एकदा भर खेळात मृदंगवाल्याच्या मांडीवर जाऊन पडला. तेव्हापासून आमच्याकडे टोप बंद. मावशीचे केस तिच्याच डोक्यावर उगवलेले लागतात. म्हणून मी बारा महिने खांद्याखाली केस राखतो. रत्नागिरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे नवं गिऱ्हाईक मला पाठीमागून "ताई" म्हणतं, मी मिशांसकट वळलो की ओशाळतं आणि भीडेपोटी दोन प्रती जास्तीच्या काढून नेतं.

नवरात्रात मला डेंग्यू झाला. ताप उतरला, हाडं जागेवर आली, मी विसरून गेलो. थंडी पडली तशी एका सकाळी कंगव्यात एवढा गुंता आला, की बायकोने विचारलं, "इथे नारळ सोललात की काय?"

मग ते रोजचंच झालं. उशीवर केस, मोरीत केस, आमटीत केस. दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर आडवी खाच उमटली, कुणी कानस फिरवल्यासारखी. करंगळीचं नख तर मुळापासून सुटून टपरीच्या पत्र्यासारखं वर उचललं गेलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझे केस चिमटीत धरून हलकेच ओढले. चिमटीत बरेच आले. "मोठ्या तापात शरीर केसांची वाढ थांबवतं," त्या म्हणाल्या. "ते थांबलेले केस दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. नखांचंही तेच, ताप होता तेव्हा वाढ अडली, त्याची ही खाच. नख वाढेल तशी पुढे सरकेल. रक्त तपासू, नीट जेवा. मुळं शाबूत आहेत, सगळं परत येईल."

"शिमग्यापर्यंत?"

"शिमग्याला काय आहे?"

"मला मावशी व्हायचंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणाची?"

बायकोला डॉक्टरीणबाई पटल्या, पण हातावर हात ठेवून बसणं पटेना. तिचं माहेर आंजर्ल्याचं, घरात होड्या. मुशी माशाच्या काळजाचं तेल तिथे होडीच्या लाकडाला चोपडतात. तिने बाटलीभर मागवलं. "खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं यानं," ती म्हणाली, "तुमचं डोकं काय लाकडाहून वेगळं आहे?" तिचं वाक्य संपेपर्यंत तेल माझ्या टाळूवर होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर मांजरांची रांग लागली. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून लांबूनच कागद पुढे करत. एक बोका थेट मशीनच्या काचेवर जाऊन बसला आणि एका गृहस्थांच्या रेशनकार्डाच्या प्रतीवर शेपूट उमटली. डोक्याला पुरळ आलं ते वेगळंच. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "होडीचं तेल ना? मग होडीलाच लावा."

तालमी सुरू झाल्या. आमच्या नमनाचे प्रमुख माझे काका. त्यांनी माझी टोपी उचलली आणि सुस्कारा सोडला. "आरं, ह्ये तर भात कापल्यावरचं शेत झालंय!"

"काका, येतील म्हणतात परत."

"येतील तवा येतील. यंदा ह्येला उबा करू." 'हा' म्हणजे माझा चुलतभाऊ, मुंबईत रिक्षा चालवतो. या भूमिकेवर त्याचा जुना डोळा, आणि केस पाठीवर रुळणारे, काळेभोर, बेशरम.

वर्षभर मी लोकांचे कागद उलटेपालटे करतो. शिमग्याला त्या एका खेळात सगळी वाडी माझं ऐकते. ते गेलं असतं तर माझ्याकडे नुसतं मशीन उरलं असतं. मी काकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी ठरलं: मी उतरायचं, डोक्यावरून पदर घेऊन. पदर ढळला आणि लोक गप बसले, तर पुढच्या गाण्याला चुलतभाऊ. तो लुगडं नेसून, गजरा माळून पडद्याआड तयारच उभा राहिला.

चाकरमान्यांना मुंबईची गाडी गाठायची असते, म्हणून आमचं नमन भरदुपारी होतं. लपायला अंधारही नाही. पेंद्याने सवयीने माझा पदर ओढला. दरवर्षी इथे अंबाडा दिसतो आणि शिट्ट्या पडतात. यंदा उन्हात माझी टाळू चमकली. मांडव चिडीचूप. पडद्याआड बांगड्या वाजल्या. भाऊ निघाला होता.

"बगतोस काय मेल्या!" मी कमरेवर हात ठेवला. "कंसानं पूतना धाडली, ती मेली. बकासुर धाडला, तो मेला. शेवटी मेल्यानं डास धाडला! त्याला कान्हा गावला न्हाय, मावशी गावली!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी हात पुढे केले. "नकं बी बग! तुला वरबाडायची सोय ठिवली न्हाय. आता चावूनच खाते, ये!"

पेंद्या खरोखरच पळाला. मांडव हसून कोसळला. काकांनी टाळ हाणला. पडद्याआड चुलतभाऊ इतका हसला की त्याच्या निऱ्या सुटल्या आणि त्याचा प्रवेश तिथेच संपला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका वहिनीने डोक्यावरचा पदर मागे सारला. "मावशे, माजं पन गेलं गं." पलीकडची अंगठ्याचं नख दाखवायला लागली. मग तिसरी उठली. त्या पावसात तो ताप वाडीतल्या कितीतरी घरांत फिरून गेला होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपलंच झालंय.

मी मंचाच्या कडेला बसलो आणि मावशीच्याच आवाजात एकेकीचं नख बघायला लागलो. "मुळं शाबूत हायत गो, येतील. ही खाच सरकंल फुडं." गवळणीही डोक्यावरचे माठ उतरवून वाकून बघत होत्या. कृष्ण बासरी काखोटीला मारून पाय बदलत होता. शेवटी तो म्हणाला, "मावशे, मथुरेला जायाचं का न्हाय?"

"थांब जरा," मी म्हटलं. "हितं बायका बोलतायत."