छताच्या नकाशातली बाही

साइमा रौतिओला शिवण येत नाही, हे कुरकिलाम्पी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या स्कर्टची किनार सेफ्टी पिनांवर उभी असायची. तरीही त्या वसंतात, तळ्यावरचं बर्फ फुटत असताना, बाई दारोदार फिरून ब्लाउजचं पेपर कटिंग मागू लागली. कुणी म्हणालं, पन्नाशीत उपरती झाली. कुणी म्हणालं, लग्न ठरलं असेल.

लग्नबिग्न काही नव्हतं. साइमा जिल्ह्यातल्या इमारतींच्या नकाशांचं दफ्तर सांभाळायची. आर्किटेक्ट मेले की त्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करायचे, ओल्याचे कोरडे करायचे, चुरगळलेले सपाट करायचे, आणि जो मागेल त्याच्यापुढे पसरायचे. दफ्तराचे प्रमुख अर्मास नावाचे एक टायवाले गृहस्थ होते, पण दफ्तर म्हणजे साइमाच. आर्किटेक्टचे कागद एका गावात आणि त्याच्या इंजिनिअरचे दुसऱ्याच गावात, हा त्या धंद्याचा शापच आहे. इकडचा कागद तिकडच्याला नेऊन भेटवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. स्वतःचं जुळवायला तिला सवड झाली नाही, असं ती हसत सांगे, आणि ते खरंही होतं.

आता प्रश्न गावच्या वाचनालयाचा होता. ते तोइवो हार्यान्नेनं बांधलेलं. लाकडी छत नावेच्या पोटासारखं वाकवलेलं आणि उजेड वरून पडणारा. साइमा वाचायला शिकली ती त्याच उजेडात. ते छत आता गळत होतं. दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले. छताच्या फासळ्या भिंतीत कशा बसवल्यात हे कळल्याशिवाय एक फळीसुद्धा उचलणार नाही म्हणाले. हार्यान्नेच्या इंजिनिअरची गणितं साइमानं ताम्पेरेहून शोधून आणली, तर त्यात जागोजागी एकच वाक्य : छताचा नकाशा पाहावा. शरद ऋतूत नगरपरिषद ठरवणार होती, छत दुरुस्त करायचं की वाचनालयच पाडायचं.

साइमा हार्यान्नेच्या बायकोकडे, इम्पीकडे गेली. म्हातारी नव्वदीला टेकलेली, पण जीभ शाबूत.

"नकाशे? ते मी वाटले," इम्पी म्हणाली.

"वाटले? कुणाला?"

"शिवणमंडळाला. तोइवो गेला तेव्हा माळाभर भेंडोळी होती. इतका छान कागद! आरपार दिसणारा! टाकवेल का कुणाच्यानं? मासिकातलं कटिंग उतरवून घ्यायला त्याच्यासारखा कागद नाही बघ."

"आणि कापडावर काढलेले?"

"ते सोड्यात उकळले. शाई निघून जाते. रुमाल झाले झकास. थांब, एक आहे अजून."

तिनं काढून दाखवलेल्या रुमालावर शाळेच्या जिन्याच्या पुसट रेघा होत्या. तर गावानं इतकी वर्षं त्या जिन्यात नाक शिंकरलं होतं. साइमाला हसावं की रडावं कळेना. तिनं कॉफीचा दुसरा कप मागितला.

'तुमच्याकडे नकाशे आहेत का' असं ती पहिल्या घरी विचारून बसली. त्या बाईनं कानावर हात ठेवले. विधवेनं दिलेल्या चांगल्या नकाशाची काखेपासून कात्री लावून वाट लावली, हे कोण कबूल करणार? म्हणून मग साइमाला शिवणाचं वेड लागलं. घरोघरी वेलदोड्याचा पाव आणि कॉफी झाली. साइमानं प्रत्येक कटिंग नव्या कागदावर नीट उतरवून मालकिणीला दिलं आणि जुनं मागून घेतलं. दफ्तरातल्या मोठ्या मेजावर पाठीचे नि पुढचे भाग, कॉलर, खिसे जमू लागले. पोस्टमनच्या बायकोचा पेटीकोट आणि पाद्रीणबाईंचा झगा जोडला, तर अर्धं छत उभं राहिलं. साइमा खुशीत स्वतःशी शीळ घालू लागली.

पण मधोमध भोक राहिलं. नेमकं तिथेच, जिथे फासळी भिंतीत शिरते.

तो तुकडा हेल्वीकडे होता. हेल्वी तळ्याकाठी एकटी राहायची.

"माझ्याकडे काही नाही," दारातच ती म्हणाली.

"हेल्वीमावशी, सगळ्या म्हणतात..."

"सगळ्यांना काय धाड भरलीय? तुमच्या दफ्तरात रबरानं पुसून कागद चकचकीत करतात म्हणे. मला माहीत आहे."

ते कटिंग कशाचं असेल, हे साइमाच्या मग लक्षात आलं. हेल्वीच्या मुलीचा, सिनिक्काचा, चर्चमधल्या दीक्षेचा पांढरा झगा सगळ्या गावानं पाहिला होता. पुढच्याच हिवाळ्यात पोर तळ्याच्या बर्फाखाली गेली. साइमा तिच्याच वर्गात होती.

हेल्वीनं खूप वेळानं तिला आत घेतलं. कपाटातून कागद काढला, मेजावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसली. बाहीचं कटिंग होतं ते. शाईच्या बारीक रेघांवर पेन्सिलीनं मापं लिहिलेली : खांदा, दंड, मनगट.

"फोटोत ती कशी दिसायची ते आहे," हेल्वी म्हणाली. "केवढी होती, ते फक्त इथे आहे."

"मावशी, मी इथेच बसून नक्कल काढते. कागद तुझा तुझ्याकडे राहू दे. खरं सांगते, छताला नक्कल पुरेल."

हेल्वीनं कागदावरचा हात काढला. साइमा रेघा उतरवत राहिली. शेवटची रेघ झाली तेव्हा म्हातारी म्हणाली, "आणि माझ्यामागे हा चुलीत जाणार. भाचेमंडळी एका दुपारात घर रिकामं करतील."

साइमानं पेन्सिल खाली ठेवली. ते खरं होतं.

"तुझ्याकडे दिला, तर कोण बघू शकेल?"

"जो मागेल तो."

"मी?"

"तू सगळ्यांच्या आधी."

"आणि रबर?"

"रबर लावील त्याचा हात मोडीन."

हेल्वीनं कागद तिच्या हाती दिला, आणि हात मोडायची वेळ जवळजवळ आलीच. अर्माससाहेब मेजापाशी येऊन खूश झाले आणि म्हणाले, "वा! आता या पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या काढून टाका. लोकांना स्वच्छ नकाशा दिसू दे."

"नाही काढणार," साइमा म्हणाली.

"अहो, आपण आर्किटेक्टचं दफ्तर आहोत, शिंप्याचं नव्हे."

"या खुणा नसत्या तर हा कागद केव्हाच बंबात गेला असता, साहेब. बायकांनी कापला म्हणून वाचला. रेघा आणि खुणा दोन्ही राहतील, नाहीतर ताम्पेरेची गणितं आणि मी, दोघं ताम्पेरेला जातो."

साहेबांनी टाय सारखा केला आणि विषय बदलला.

शरदात नगरपरिषदेनं दुरुस्तीच्या बाजूनं हात वर केले. फासळ्या नकाशात होत्या तशाच भिंतीत निघाल्या.

दफ्तर सर्वांना खुलं असतं त्या दिवशी हेल्वी आली, ठेवणीतला कोट घालून. साइमानं तिच्यापुढे तो तुकडा पसरला. नेहमीचे हातमोजे पुढे केले, मग स्वतःच मागे घेतले. हेल्वीनं कागदावर उघडा हात ठेवला. शेजारच्या मेजावर हेलसिंकीहून आलेली एक विद्यार्थिनी छताचा अभ्यास करत होती. ती मान वाकवून म्हणाली, "माफ करा, फासळीवरची ही मापं मला लागतच नाहीत. ही छताची आहेत का?"

साइमानं तोंड उघडलं, पण हेल्वीच आधी बोलली. "ती माझ्या मुलीची आहेत."

विद्यार्थिनीनं पेन्सिल उचलली. "नाव काय तिचं? मला टिपून घ्यायचंय."

किती वर्षांत हेल्वीला ते कुणी विचारलं नव्हतं. "सिनिक्का," ती म्हणाली आणि खुर्ची त्या मुलीच्या जवळ ओढून घेतली. "बस, सांगते. हा तिचा खांदा."